संपादकाची खुर्ची सोडून मालिका लिहायला बसलेला माणूस : मनोहर श्याम जोशी

रात्रपाळी (धागाकर्ता)

परवा झोप येईना म्हणून यूट्यूबवर 'बुनियाद' लावली, दूरदर्शनची ती फाळणीवरची जुनी मालिका. एक भाग बघून झोपू म्हटलं आणि पहाटे साडेतीनला सातवा भाग संपला. लहानपणी पाहिली होती तेव्हा डोक्यात राहिले ते फक्त मास्टर हवेलीराम, लाजोजी आणि घराच्या पायऱ्या. या वेळी कान वेगळंच टिपत होते. त्या घरात दोन माणसं एकसारखं बोलत नाहीत. आर्यसमाजी मास्तराची हिंदी वेगळी, लाला गेंदामलची व्यापारी बोली वेगळी, पोरीबाळींची आणखी वेगळी. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं.

वाटलं, लेखक लाहोरचा असणार. फाळणी सोसलेला, पंजाबी. श्रेयनामावली थांबवून पाहिली तर मनोहर श्याम जोशी. म्हणजे कुमाऊंनी (उत्तराखंडातल्या कुमाऊंकडचा) ब्राह्मण, जन्म अजमेरचा (९ ऑगस्ट १९३३), कॉलेज लखनौचं, हयात बरीचशी दिल्लीत. लाहोरशी काडीचा संबंध नाही. मग दोन दिवस याच माणसाच्या मागे लागलो, म्हणून हा धागा.

जोशींचा प्रवास सरळ नाही. विज्ञान शाखेचे विद्यार्थी, कॉलेजात 'कल के वैज्ञानिक' अशी पदवीही मिळवलेली. पण पोटासाठी शाळामास्तरकी, कारकुनी आणि मधूनमधून चक्क बेकारी. एकविसाव्या वर्षापासून पूर्णवेळ लेखणीवर. केंद्रीय माहिती सेवा झाली, टाइम्स समूह झाला, 'दिनमान' साप्ताहिकात हिंदी कवी-संपादक अज्ञेय यांच्या हाताखाली काम झालं. रेडिओ, वृत्तचित्रं, जाहिराती, क्रीडावृत्त, मुलाखती, जे मिळेल ते लिहिलं. १९६७ मध्ये 'साप्ताहिक हिन्दुस्तान'चे संपादक झाले आणि सतरा वर्षं त्या खुर्चीवर होते.

पहिली कथा छापून आली अठराव्या वर्षी. पहिली कादंबरी, 'कुरु कुरु स्वाहा', आली १९८० मध्ये, म्हणजे सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर. मधली जवळपास तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांसाठी, मागणीप्रमाणे, शब्दसंख्येत लिहीत होता. माझा अंदाज असा की पुढे मालिका लिहिताना कामाला आली ती ही तीस वर्षं. साहित्यिक म्हणून जे मिळवलं ते नंतरचं.

१९८४ मध्ये, पन्नाशी ओलांडलेली असताना, त्यांनी संपादकपद सोडलं. कशासाठी, तर दूरदर्शनची एक मालिका लिहायला! तेव्हा टीव्हीवरची मालिका म्हणजे काय, हेही देशात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. हिंदीतल्या मोठ्या साप्ताहिकाचा संपादक म्हणजे केवढं प्रस्थ, विचार करा.

ती मालिका 'हम लोग'. भारतातली पहिली मालिका. ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि पुढचे सतरा महिने चालली.

तुमच्या आठवणी लिहा. आणि एक प्रश्न : त्यांनी केलं ते शहाणपणाचं होतं का?

सोनटक्का

वा! धाग्याला शुभेच्छा. अशोक कुमारांचं ते 'छन्न पकैया' कानात वाजायला लागलं. भाग संपला की ते यायचे, आज काय घडलं त्यावर दोन शब्द बोलायचे आणि शेवटी वेगवेगळ्या भाषांत 'हम लोग' म्हणायचे. आमच्याकडे मराठीतलं कधी म्हणतात याची वाट बघत बसायचो.

त्या घरातली पोरं : बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे. माझ्या दोन मावशांना त्या काळात बडकी आणि मझली हीच नावं पडली, अजून तीच आहेत.

मुक्काम_पोस्ट_वर्धा

धागाकर्त्यानं आमच्या माणसाला विसरलं, म्हणून हा प्रतिसाद.

'हम लोग'चं बी आणलं वसंतराव साठ्यांनी. आमचे वर्ध्याचे खासदार, तेव्हा माहिती आणि प्रसारण मंत्री. रंगीत टीव्हीसाठी भांडले तेही तेच. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले होते. तिथं मिगेल साबिदो नावाच्या माणसानं कुटुंबनियोजनासारखे विषय रडक्या-हसऱ्या कौटुंबिक मालिकांत मुरवून दाखवले होते आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं. साठे म्हणाले, हे आपल्याकडे का नको? पुढं त्यांचं खातं बदललं. मग खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ते तडीस नेलं आणि लिहायला जोशींना आणलं. दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव.

म्हणजे एका वैदर्भीयानं मेक्सिकोत पाहिलेली गोष्ट दिल्लीतल्या कुमाऊंनी माणसानं लिहिली आणि पैसे दिले मॅगीवाल्यांनी. दोन मिनिटांच्या नूडल्स तेव्हा नुकत्याच बाजारात आल्या होत्या, प्रायोजक तेच. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

खडूस_आजोबा

'भारतातली पहिली मालिका' हे विधान जरा सांभाळून करा. छोट्या नाट्यमालिका प्रादेशिक केंद्रांवर आधीही होत होत्या. 'राष्ट्रीय प्रसारणातली पहिली प्रायोजित दीर्घ मालिका' म्हणा, मग वाद नाही.

प्रश्नाचं उत्तर : शहाणपणाचं नव्हतं. 'कसप'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या माणसानं पुढची दहा-बारा वर्षं टीव्हीला दिली. १९८०, १९८२ अशा पाठोपाठ दोन कादंबऱ्या आणि मग थेट नव्वदीच्या दशकात पुढची. मधल्या खड्ड्यात किती कादंबऱ्या गेल्या याचा हिशेब कुणी मांडायचा? सिनेमातही म्हणावं तसं काही हाती लागलं नाही. 'भ्रष्टाचार', 'पापा कहते हैं' आज कुणाला आठवतात? 'हे राम'चे हिंदी संवाद तेवढे धरतो.

आणि त्यांच्या 'मुंगेरीलाल के हसीन सपने' या मालिकेचं कौतुक करायच्या आधी अमेरिकन लेखक जेम्स थर्बरची १९३९ मधली वॉल्टर मिटीची कथा वाचा.

रात्रपाळी

आजोबा, 'पहिली'बद्दलची दुरुस्ती मान्य. साठ्यांचा किस्सा माहीतच नव्हता, धन्यवाद वर्धेकर.

थर्बरचं साम्य आहेच, नाकारत नाही. दिवास्वप्नं पाहणारा दबलेला कारकून ही कल्पना तिथली. पण मुंगेरीलालची स्वप्नं बघा. तो सासऱ्यासमोर, साहेबासमोर ताठ उभा राहायची स्वप्नं बघतो. ती भूक इथल्या कारकुनाची आहे. रघुवीर यादवच्या चेहऱ्यावर स्वप्न सुरू व्हायच्या क्षणी ती मान जरा कलायची, आठवतंय? आणि प्रकाश झासारखा दिग्दर्शक. कल्पना उसनी असेल, घर त्यांनीच बांधलंय.

कादंबऱ्यांच्या खड्ड्याबद्दल सावकाश लिहितो.

गोधडी

मला 'हम लोग'मधली भागवंती आठवते. दारुड्या नवऱ्याचं, सासूचं, पोरांचं सगळं सोसणारी आई. माझी आई तिच्यासाठी रडायची आणि वर म्हणायची, बघ, बाईनं असं असावं. मी सातवीत होते. मला तेव्हाही राग यायचा.

मोठी झाल्यावर कळलं की लेखकाला उलटं सांगायचं होतं. असं राहू नका, असं. मग चुकलं कोण, आई की जोशी?

रात्रपाळी

गोधडीताई, तुमची आई एकटी नव्हती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी या मालिकेचा पुढे सविस्तर अभ्यास केला. त्यांना हेच सापडलं. भागवंती उभी केली होती बायकांनी काय सोसू नये हे दाखवायला, आणि पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस जास्त झाला होता. लोक कंटाळले. मग तो संदेश पातळ केला, घरातली भांडणं, लग्नं, नोकऱ्या पुढे आणल्या आणि मालिका धावायला लागली. चार लाखांच्या आसपास पत्रं आली म्हणतात. चार लाख! पोस्टकार्डाच्या जमान्यात.

आता लेखकाच्या जागी बसून बघा. सरकारला संदेश हवा, प्रायोजकाला गर्दी हवी, आणि पोस्टमन रोज पोतं आणून टाकतोय की अमक्याला मारू नका, तमकीचं लग्न लावा. सुषमा सेठची दादी कर्करोगानं जाणार होती, लोकांच्या आग्रहापायी तिचं आयुष्य लांबवावं लागलं. कादंबरीकाराच्या वाट्याला हे येत नाही. त्याचं पात्र त्याच्या परवानगीशिवाय कुणी जगवत नाही.

भागवंतीचं म्हणाल तर मला जोशी चुकले असं वाटत नाही. त्यांनी ती फार खरी लिहिली, एवढंच. खऱ्या माणसाकडे बघून कुणी काय शिकावं ते लेखकाच्या हातात कुठे असतं?

गोधडी

पटलं नाही. खरी लिहिली म्हणून सुटका नाही होत. ज्या घरात भागवंती आधीच आहे, तिथं टीव्हीवर आणखी एक कौतुकानं दाखवली की पहिलीचं ओझं वाढतं. पण तुमचा तो पोतं टाकणारा पोस्टमन आवडला.

चौथा_अंक

वाचनमात्र होतो, पण विषय पोटाचा आहे म्हणून लिहितो. मी गेली अकरा वर्षं मराठी मालिका लिहितो. नाव विचारू नका, वाहिनीचंही नाही.

आज मालिकेत 'लेखक' नावाचा एक माणूस नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथावाला महिन्याभराचा ट्रॅक काढतो, तो वाहिनीकडून पास होतो. पटकथाकार रोजच्या भागाचे सीन पाडतो. मग संध्याकाळी ते माझ्याकडे येतं आणि सकाळच्या शिफ्टला संवाद सेटवर लागतात. बँक संपली असेल, म्हणजे तयार भाग हाताशी नसतील, तर एकीकडे शूट चालू आणि दुसरीकडे मी फोनवर पुढचा सीन टाइप करतोय. नट गाडीत बसून पाठ करतो. मानधन नव्वद दिवसांनी, तेही आठवण केल्यावर.

या पार्श्वभूमीवर एका माणसानं 'हम लोग'चे दीडशेच्या वर भाग आणि लगेच 'बुनियाद'चे शंभरच्या वर भाग, कथा-पटकथा-संवाद असे तिन्ही अंगांनी लिहिले याचा अर्थ काय, ते मला कळतं. 'बुनियाद' १९१६ पासून १९७८ पर्यंत चालते. साठ वर्षांत माणसाची भाषा बदलते, पोरगा बाप होतो, बापाचा आजोबा होतो. आलोक नाथ तिशीचा होता आणि त्याला म्हातारं व्हायचं होतं. मेकअपवाला केस पांढरे करेल, पण वाक्यं म्हातारी कोण करणार? ते लेखकाचं काम. हवेलीरामची वाक्यं पुढेपुढे आखूड होत जातात, बघा. मी हे चोरलंय, कबूल करतो. माझ्या मालिकेतल्या आजोबांना मी दर सहा महिन्यांनी एकेक शब्द कमी दिला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. त्या नटाच्या सोडून.

धागाकर्त्याचा 'डोळे मिटून ओळखू येतं' हा मुद्दा आमच्या धंद्यात कसोटी म्हणून वापरतात. पात्रांची नावं झाकायची आणि संवाद वाचायचे. कोण बोलतंय ते कळलं नाही तर सीन परत.

अर्धविराम

चौथा अंक, प्रतिसाद प्रचंड आवडला. वाचनखूण साठवली.

जोशी स्वतःच्या हातानं कमी लिहायचे, बोलून लिहवून घ्यायचे, हे माहीत आहे का? टंकलेखक समोर आणि हे बोलतायत. प्रभात रंजन यांच्या 'पालतू बोहेमियन' या जोशींवरच्या आठवणींच्या पुस्तकात हे येतं. मला वाटतं संवादांचं रहस्य इथंच असावं. जे वाक्य तोंडातून निघत नाही ते कागदावर जाणारच नाही.

त्यांचं 'पटकथा लेखन : एक परिचय' हे छोटं पुस्तकही मिळवा. हिंदी सोपी आहे. अनुभवी आचाऱ्यानं पोराला शेजारी उभं करून फोडणी दाखवावी तसं लिहिलंय, परदेशी पुस्तकांतले तक्ते उतरवून काढलेले नाहीत.

टपालगाडी

चौथा अंक यांना एक भाबडा प्रश्न. जुन्या मालिका आज यूट्यूबवर लाखो लोक बघतात. लेखकाला त्यातलं काही मिळतं का?

चौथा_अंक

टपालगाडी, कागदावर मिळायला हवं. २०१२ मध्ये प्रताधिकार कायदा बदलला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून जी रॉयल्टी येईल, तिच्यातला समान वाटा घ्यायचा हक्क लेखकाला आता लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार चालत नाही. त्याआधी करारात 'कायमचे सर्व हक्क' अशी एक ओळ असायची आणि सही केली की विषय संपला.

प्रत्यक्षात? माझ्या हातात आजवर एक रुपया आलेला नाही. आमची संघटना, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन आणि आताची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, भांडते. नवीन पोरांना एवढंच सांगतो की कुठंही ऐकवायच्या आधी गोष्ट तिथं नोंदवा. चहाच्या कपावर ऐकवलेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात दुसऱ्याच्या नावानं पडद्यावर पाहिली आहे मी.

अवांतर झालं. धागा जोशींचा आहे.

उल्हासनगर_तीन

'बुनियाद'ची माझी आठवण शेजारच्या घरातली. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी सिंधी कुटुंब, त्यांची आजी, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. कराचीहून आलेली. आमचं अख्खं गावच तसं, निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं.

मला वाटायचं अम्मा रडेल. ती नाही रडली. मालिका बघताना ती सारखी चुका काढायची. हे पंजाबी, आगगाडीनं आले, आम्ही जहाजानं आलो. तांब्या असा धरत नाहीत. सून सासऱ्यासमोर एवढं बोलेल का? एक दिवस दंगलीचा भाग होता. संपल्यावर ती उठली, टीव्हीवर नेहमीसारखा विणलेला रुमाल घातला आणि म्हणाली, हे लोक बोलतात फार, तेव्हा कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसली होती.

एवढंच. लेखकाचं नाव मला आज या धाग्यामुळे कळलं.

सोनटक्का

उल्हासनगर, काटा आला अंगावर.

खडूस_आजोबा

अम्मा समीक्षक होती. तिला माझा नमस्कार.

पण माझ्या खड्ड्याचं उत्तर राहिलं, रात्रपाळी.

रात्रपाळी

विसरलो नाही आजोबा. 'कुरु कुरु स्वाहा' पुन्हा चाळत होतो.

ती मुंबईची कादंबरी आहे, आणि मराठी वाचकानं तर वाचावीच. नायक फिल्मी दुनियेच्या कडेकडेनं वावरणारा लेखक. आणि तो एक नाहीच. एक भोळा मनोहर, एक पंडित जोशीजी आणि या दोघांकडे बघणारा तिसरा मनोहर श्याम जोशी. तिघं मिळून पहुंचेली नावाच्या गूढ बाईच्या मागे. पानापानावर भाषा बदलते : संस्कृतप्रचुर, बंबइया, इंग्रजाळलेली, बाजारू. एकाच डोक्यातल्या तीन माणसांना तीन वेगळे आवाज. वर चौथा अंक यांनी सांगितलेली नावं झाकायची कसोटी इथं लावून बघा, कादंबरी पास होते.

'कसप'चा नायक डीडीही सिनेमाचा माणूस. त्याची आणि बेबीची पहिली भेट होते ती लग्नघरातल्या कामचलाऊ संडासात, पायजम्याच्या नाडीची निरगाठ बसलेली असताना. हिंदीतली एक मोठी प्रेमकथा अशी सुरू होते! हे दृश्य म्हणूनच सुचू शकतं. कॅमेरा कुठे आहे ते वाचताना कळतं. म्हणजे टीव्ही यायच्या आधीच हा माणूस पटकथाकार होता.

म्हणून तुमच्या हिशेबातली एक बाजू मला खटकते. टीव्हीनं कादंबरीकार पळवला असं आपण म्हणतो तेव्हा आपण एक उतरंड गृहीत धरतो, वर कादंबरी, खाली मालिका. जोशींनी ती मानलेली दिसत नाही. 'नेताजी कहिन' हे राजकारण्यांवरचं साप्ताहिकातलं सदर त्यांनीच लिहिलं आणि तेच 'कक्काजी कहिन' होऊन ओम पुरींच्या तोंडी टीव्हीवर आलं. मधे भिंत नाहीच.

तरी तुमचं एक खरं आहे. त्यांच्या 'हमराही' मालिकेनंतरच्या काळात वाहिन्या वाढल्या, लेखकाची जागा आक्रसली आणि ते पुन्हा कादंबरीकडे वळले. 'हरिया हरक्यूलीज की हैरानी', 'ट-टा प्रोफेसर', 'हमज़ाद'. 'क्याप' कादंबरीला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ३० मार्च २००६ ला ते गेले. टीव्हीच्या त्या वर्षांत एखादी 'कसप' लिहायची राहून गेली असेल, तर मला तिचीही हळहळ आहे. फक्त तिच्या बदल्यात अम्माला वेळेच्या आधी येऊन बसवणारी 'बुनियाद' परत करा म्हटलं, तर मी करणार नाही.

खडूस_आजोबा

सौदा अर्धा मान्य. 'कसप' पुन्हा काढतो कपाटातून.

अर्धविराम

'कसप' म्हणजे काय हो? हिंदी शब्दकोशात सापडत नाही.

खडूस_आजोबा

कुमाऊंनी आहे. 'काय की', 'कुणास ठाऊक', 'देव जाणे' यांच्या मधलं काहीतरी. खांदे उडवून म्हणायचं.

सोनटक्का

रात्रपाळी, छान चर्चा घडवलीत. आता राही मासूम रझांवर लिहा. 'महाभारत'चे संवाद, कादंबऱ्या, तोच प्रश्न परत. कधी टाकताय? पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

रात्रपाळी

कसप.